जालन्याहून मुंबईस

जालना जिल्ह्यातील मुलास नदी ठाऊक असते. कुंडलिका, दुधना, पूर्णा आणि गोदावरी यांच्या काठी त्याची गावे वसलेली आहेत. काळीभोर शेते, कपाशीची पांढरी बोंडे, मोसंबीच्या बागा हे सारे त्याच्या नित्य परिचयाचे असते. समुद्र मात्र त्याने बहुधा पाहिलेला नसतो. नदीस पैलतीर असतो, समुद्राचा पैलतीर दिसत नाही, हे त्याने केवळ पुस्तकात वाचलेले असते. म्हणून मुंबईस जावयाचे ठरले की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्र उभा राहतो, आणि मागोमाग उंच इमारती, धावणाऱ्या गाड्या व माणसांची अफाट गर्दी.

मुंबई पाहून आलेले लोक पुष्कळ भेटतात. काय पाहिले असे विचारले, तर चारसहा ठिकाणांची नावे ते भराभर सांगतात. ती ठिकाणे पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. परंतु इमारती पाहणे सोपे आहे, शहर पाहणे तितके सोपे नाही. हे शहर कोणत्या भूमीवर उभे आहे, त्यास पाणी कोठून मिळते, ते कोणी उभारले आणि ते रोज कोणाच्या श्रमावर चालते, हे ज्याने जाणून घेतले त्यानेच मुंबई खऱ्या अर्थाने पाहिली. असे पाहणे मुंबईस पोहोचण्यापूर्वीच, वाटेतच सुरू करता येते.

जालना ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने सुमारे ४३५ किलोमीटर आहे. जालन्यास आगगाडी आली ती निजामाच्या राजवटीत, १९०० सालच्या सुमारास. त्या मार्गाचे रूळ एकमेकांपासून अवघ्या एक मीटर अंतरावर होते. मुंबईकडून मनमाडास येणारा मार्ग मात्र रुंद होता. त्यामुळे मुंबईच्या प्रवाशास मनमाड येथे सारे सामानसुमान घेऊन उतरावे लागे आणि दुसऱ्या गाडीत बसावे लागे. १९९० नंतरच्या दशकात हा मार्ग रुंद झाला आणि गाडी न बदलता मुंबई गाठता येऊ लागली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना ते मुंबई अशी ‘वंदे भारत’ ही वेगवान गाडी सुरू झाली. २०२५ साली तिचा मार्ग नांदेडपर्यंत वाढविण्यात आला. ज्यांना सडकेने जावयाचे असेल त्यांच्यासाठी ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला आहे. नागपूरहून मुंबईकडे जाणारा हा महामार्ग जालन्याजवळूनच जातो.

गाडी मनमाड व नाशिक मागे टाकून इगतपुरीस येते. तोपर्यंत प्रवासी दख्खनच्या पठारावर असतो. इगतपुरीच्या पुढे हे पठार एकाएकी संपते आणि सह्याद्रीचा कडा लागतो. येथून कसाऱ्यापर्यंत गाडी थळ घाटातून सुमारे तीनशे मीटर खाली उतरते. हा चढ इतका तीव्र आहे की, सदतीस मीटर पुढे गेले म्हणजे मार्ग एक मीटर उंच चढतो. म्हणून मुंबईकडून वर येणाऱ्या अनेक गाड्यांना येथे जादा इंजिने जोडावी लागतात. हा घाटमार्ग १८६५ साली खुला झाला. आजच्यासारखी यंत्रे त्या काळी नव्हती. हजारो मजुरांनी सुरुंग लावून, पहारी व घण चालवून काळ्या कातळातून बोगदे कोरले आणि दऱ्यांवर पूल बांधले. त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. गाडी बोगद्यात शिरते आणि डब्यात अंधार होतो, तेव्हा त्या मजुरांचे स्मरण अवश्य करावे.

या घाटात आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्याच्या आरंभी नैर्ऋत्येकडील वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीची भिंत आडवी आली की ते वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे पाणी होऊन ते सह्याद्रीच्या पश्चिमेस व माथ्यावर मुसळधार कोसळते. माथा ओलांडून पूर्वेस उतरलेल्या वाऱ्यांजवळ थोडेच बाष्प उरते. म्हणून मुंबईस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जालन्याच्या वाट्यास सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास येतो. जालना पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे, असे भूगोलात म्हणतात त्याचा अर्थ हाच.

इगतपुरीच्या परिसरात पावसाचे दोन थेंब एकाच ढगातून पडले अशी कल्पना करा. एक थेंब माथ्याच्या पूर्वेस पडतो. तो दारणा नदीतून गोदावरीस मिळतो, पैठणच्या नाथसागरात येतो आणि तेथून नळावाटे जालना शहरातील घागरीत उतरतो. दुसरा थेंब हातभर अंतरावर, माथ्याच्या पश्चिमेस पडतो. तो भातसा किंवा वैतरणा नदीच्या पाण्यात मिसळतो, धरणात साठतो आणि मोठ्या जलवाहिनीतून मुंबईच्या नळास येतो. जालना आणि मुंबई ही दोन शहरे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत खरी, परंतु दोघांची तहान एकाच डोंगरमाथ्याच्या दोन उतारांवर भागते.

मुंबईच्या तीन बाजूंना पाणी आहे, पण ते खारे आहे. पिण्याचे पाणी तिला सात जलाशयांतून मिळते. विहार व तुळशी हे दोन तलाव शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा व ऊर्ध्व वैतरणा हे पाच जलाशय ठाणे, पालघर आणि नाशिक या जिल्ह्यांकडील डोंगराळ भागात आहेत. दररोज सुमारे चारशे कोटी लिटर पाणी मुंबईस पुरवावे लागते. कसाऱ्याहून निघालेली गाडी शहापूर तालुक्यातून जाते. भातसा व तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चालत असतात आणि त्यांच्या शेजारच्या धरणातील पाणी शंभर किलोमीटर दूरच्या शहराकडे जात असते. जालन्याच्या मुलास टँकर या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील कित्येक मोसंबीच्या बागा उभ्या वाळून गेल्या, हे त्याने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. म्हणूनच मुंबईच्या नळास धो धो पाणी आलेले पाहून जो तो मोकळा सोडीत नाही, तो प्रवासी शहाणा समजावा.

कल्याण, ठाणे, दादर अशी स्थानके घेत गाडी अखेर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे येऊन थांबते. येथे रूळ संपतात. याच भागातील बोरीबंदराहून १६ एप्रिल १८५३ रोजी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, सुमारे चारशे उतारू घेऊन चौदा डब्यांची आगगाडी ठाण्यास निघाली. ही भारतातील पहिली उतारूंची आगगाडी होय. तिने ३४ किलोमीटरचा प्रवास केला. मुंबईत आगगाडी यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत जगन्नाथ शंकरशेठ हे मराठी गृहस्थ अग्रभागी होते. शाळा, कन्याशिक्षण व ग्रंथालये यांसाठीही त्यांनी सढळ हाताने साहाय्य केले.

स्थानकाची सध्याची इमारत १८७८ साली बांधावयास घेतली आणि ती पुरी होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने तिची आखणी केली. तिच्या भिंतींवर मोर, माकडे, पाने, फुले असे कोरीव काम जागोजाग आढळते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचाही त्या कामात वाटा होता. पूर्वी हिचे नाव व्हिक्टोरिया टर्मिनस असे होते. १९९६ साली तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. २००४ साली तिची गणना जागतिक वारसास्थळांत झाली. गाडीतून उतरताच घाईने बाहेर पडणारा प्रवासी हे काही पाहत नाही. रस्त्याच्या पलीकडे जाऊन, क्षणभर उभे राहून ही इमारत पाहावी.

ही इमारत ज्या शहरात उभी आहे, त्या शहराची भूमी तरी मूळची कशी होती? आज सलग दिसणारी मुंबई एके काळी सात बेटांची होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम ही ती बेटे. त्यांवर कोळ्यांची वस्ती होती, आणि मुंबादेवीच्या नावावरूनच शहरास मुंबई हे नाव मिळाले, असे मानतात. १५३४ साली ही बेटे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहप्रसंगी ती इंग्लंडच्या राजास देण्याचा करार झाला. त्या राजाने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीस वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली.

भरतीच्या वेळी बेटांमधील सखल जागेत समुद्राचे पाणी शिरे. हे पाणी अडविण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळ मोठा बांध घालण्यात आला. तो बांध पुनःपुन्हा ढासळे. अखेर रामजी शिवजी या प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली, तिच्या सांगण्यावरून समुद्रातून मूर्ती काढली आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या मंदिराची आख्यायिका सांगतात. बांधाच्या कामात किती अडचणी आल्या असतील, हे या आख्यायिकेवरून समजते. १८३८ साली कुलाब्याचा मार्ग झाला. १८४५ साली माहीम व वांद्रे जोडणारा मार्ग झाला. त्यासाठी जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. टेकड्या फोडून त्यांची माती व दगड समुद्रात टाकण्यात आले, आणि सात बेटांचे एक शहर झाले. मुंबईत आज ज्या जागेवर आपण चालतो, त्यांतील पुष्कळशी जागा एके काळी पाण्याखाली होती.

स्थानकापासून दक्षिणेस थोडे चालत गेले की हुतात्मा चौक लागतो. मराठवाड्यातून आलेल्या प्रवाशाने येथे जरूर थांबावे. जालना हे गाव हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे संस्थान भारतात सामील झाले, तरी मराठवाड्याची राजधानी हैदराबादच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यास जोडण्यात आला. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली आणि मुंबई त्याची राजधानी झाली. ही गोष्ट सहजासहजी घडली नाही. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून मोठे आंदोलन झाले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात निदर्शकांवर गोळीबार झाला. या आंदोलनात शंभराहून अधिक माणसांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मारकात हाती मशाल घेतलेले दोन पुरुष दाखविले आहेत. त्यांपैकी एक शेतकरी आहे आणि एक कामगार आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मुलास मुंबई परकी वाटू नये, एवढी किंमत येथे मोजली गेली आहे.

चौकापासून जवळच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठास प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातेचे नाव दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतातील कापसास मोठा भाव आला. त्या व्यापाराने मुंबई श्रीमंत झाली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि कित्येक धनिक एका रात्रीत निर्धन झाले. त्या काळचा तो कापूस कोठला? तो पिकला होता गुजरात, खानदेश, वऱ्हाड अशा भागांतील काळ्या मातीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थर थिजून दख्खनचा काळा पाषाण बनला. तो झिजून आपली काळी माती झाली, आणि मुंबईची भूमीही मुख्यतः त्याच काळ्या पाषाणाची आहे.

येथून पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागते. १९२२ साली ते लोकांसाठी खुले झाले. तेथील शिल्पे, चित्रे व शस्त्रे पाहण्यास निदान अर्धा दिवस हवा. संग्रहालयापासून समुद्राकडे गेले की गेटवे ऑफ इंडिया ही भव्य कमान दिसते. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज १९११ साली येथे उतरला, त्याची आठवण म्हणून ती बांधली आणि १९२४ साली तिचे उद्घाटन झाले. साम्राज्याचे वैभव दाखविण्यासाठी ती उभारली होती. परंतु अवघ्या तेवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून चालत जाऊन जहाजावर चढली आणि भारत सोडून गेली. १९६१ साली कमानीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला.

कमानीच्या धक्क्यावरून घारापुरीस जाणाऱ्या बोटी सुटतात. तासाभराच्या या जलप्रवासात जालन्याच्या मुलास समुद्र प्रथमच सर्व बाजूंनी दिसतो. पावसाळ्यात समुद्र खवळला असता बोटी बंद ठेवतात आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी लक्षात घ्यावे. बोटीत बसताच जीवरक्षक जाकीट अंगात घालावे आणि ते उतरेपर्यंत काढू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी या मार्गावर एक प्रवासी बोट व नौदलाची वेगवान बोट यांची टक्कर होऊन पंधरा जणांचे प्राण गेले. समुद्र शांत दिसला तरी सावधपणा सोडू नये.

घारापुरीच्या लेण्यातील त्रिमूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. तिचा मधला मुखवटा शांत, एका बाजूचा उग्र आणि दुसऱ्या बाजूचा सौम्य आहे. ज्याने वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे, त्यास हे काम ओळखीचे वाटते. दोन्हीकडे बाहेरून दगड आणून काही रचलेले नाही. नको असलेला दगड काढून टाकला आणि मूर्ती आतून प्रकट केली. चूक झाली असती तर ती सुधारण्यास वाव नव्हता. पोर्तुगिजांना या बेटावर दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटास एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे.

सायंकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसले म्हणजे समुद्राचे दुसरे रूप दिसते. सकाळी जेथे ओले खडक उघडे पडले होते, तेथे सायंकाळी लाटा उसळत असतात. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी वर चढते व उतरते. त्यास भरती-ओहोटी म्हणतात. साधारणपणे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते आणि दररोज भरतीची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती अधिक मोठी असते, तिला उधाणाची भरती म्हणतात. कट्ट्याखाली चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे टाकलेले दिसतात. लाट त्यांच्या फटींत शिरून फुटते आणि तिचा जोर मोडतो. ते ठोकळे बसण्यासाठी किंवा छायाचित्रे काढण्यासाठी नाहीत. शेवाळाने ते निसरडे झालेले असतात, आणि पाय घसरला तर पोहणाऱ्यासही वाचणे कठीण होते. विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात उतरण्याचे धाडस कोणी करू नये.

मुंबईचे जीवन पाहावयाचे तर एकदा लोकल गाडीने जावे, मात्र सकाळची व सायंकाळची गर्दीची वेळ टाळावी. भारतातील पहिली विजेवर चालणारी आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच शहरात बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर धावली. आज लाखो माणसे रोज लोकलने कामावर जातात. दारात उभे राहणे, धावत्या गाडीत चढणे, रूळ ओलांडणे या तिन्ही गोष्टींपायी दरवर्षी अनेकजण प्राणास मुकतात. दुपारच्या आधी डोक्यावर डब्यांची लांब फळी घेतलेले डबेवाले दिसतात. १८९० सालच्या सुमारास महादू हवाजी बच्चे यांनी हे काम सुरू केले. डबेवाल्यांपैकी बहुतेक पुणे जिल्ह्यातील मावळ, जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर या भागांतील आहेत. डब्याच्या झाकणावर काही अक्षरे व आकडे लिहिलेले असतात. त्या खुणांवरून डबा चार हातांतून जाऊनही नेमक्या माणसास पोहोचतो.

परळ-लालबागच्या बाजूस अजूनही काही गिरण्यांची जुनी धुराडी उभी आहेत. १८५६ साली ताडदेव येथे मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. कोकण, देश व अन्य भागांतून आलेल्या माणसांनी त्या गिरण्या चालविल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. तो संप दीर्घकाळ चालला, पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कुटुंबांचा आधार तुटला. आज तेथे काचेच्या उंच इमारती आहेत. त्या इमारतींकडे मान वर करून पाहताना त्यांच्या शेजारच्या धुराड्याकडेही एकदा पाहावे. जवळच दादरच्या किनाऱ्यावर चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी येथे अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला मराठवाड्यासह सर्व महाराष्ट्रातून लाखो माणसे येथे येतात.

पाहुण्याने शहरात कसे वागावे, हेही प्रवासाचाच भाग आहे. उतरण्याच्या जागेचा पत्ता व वडीलधाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा. चुकल्यास घाबरून धावू नये, जेथे आहोत तेथेच थांबावे आणि पोलिसांस विचारावे. रांग मोडू नये. कचरा कोठेही टाकू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जालन्यात वर्षभरात सरासरीने पडतो त्याहूनही तो अधिक होता. पाणी समुद्राकडे जाण्यास वाट हवी होती, परंतु कित्येक गटारे प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबली होती. शहर बुडाले आणि शेकडो माणसे दगावली. एका पाहुण्याने टाकलेली एक पिशवी लहानच असते, पण अशा लहान पिशव्यांनीच गटार तुंबते.

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेएकोणीस लाख होती आणि मुंबईची सुमारे एक कोटी चोवीस लाख. मुंबईचे क्षेत्रफळ मात्र जालना जिल्ह्याच्या एक दशांशही नाही. इतकी माणसे एवढ्याशा जागेत राहतात, ती बाहेरून येणाऱ्या पाण्यावर, धान्यावर, भाजीपाल्यावर आणि श्रमांवर. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे, आणि जालन्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या लोखंडी सळया राज्यभर घरांच्या बांधकामास जातात. बांधून पुऱ्या झालेल्या इमारतीत सळई दिसत नाही, तरी इमारत उभी असते ती तिच्याच बळावर. मोठ्या शहराचेही तसेच आहे.

परतीची गाडी पुन्हा थळ घाट चढू लागते. समुद्राची खारी हवा मागे राहते आणि इगतपुरीच्या माथ्यावर गार वारा लागतो. येताना ज्या मुलास हा केवळ एक घाट वाटला होता, त्यास आता त्याच्या दोन्ही उतारांवरून वाहणारे पाणी कोठे जाते हे ठाऊक असते. घरी पोहोचल्यावर तो समुद्राच्या, कमानीच्या आणि लोकलच्या गोष्टी सांगेलच. त्याबरोबर शहापूरच्या पाड्यांची, घाटातील मजुरांची आणि मशाल धरलेल्या शेतकऱ्याचीही गोष्ट त्याने सांगितली, तर त्याची मुंबईची सफर सफळ झाली असे म्हणावे.